गीतकार व्हायचंय, पण नोकरी सोडू का?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २६, नांदेडला बँकेत नोकरी, वहीत तीनशेच्या आसपास कविता, कविसंमेलनात दाद मिळते. सिनेमासाठी गाणी लिहायची आहेत. तर नोकरी सोडून मुंबईला यावं का, पहिलं काम कसं मिळतं, यात पोट भरतं का, आणि ओळखीशिवाय काही होतं का?

मी गेली १९ वर्षं हे काम करतेय. मराठी सिनेमे, मालिकांची शीर्षकगीतं, जाहिराती, चार-दोन हिंदी गाणी. माझं नाव घराघरांत माहीत नाही. वरातीत माझं गाणं वाजतं आणि खिडकीत उभी असलेली शेजारीण मलाच म्हणते, "आजकालच्या गाण्यांना काही अर्थच नसतो बाई." एवढ्या उंचीवरून हे उत्तर येतंय असं समजा.

तुमच्या चार प्रश्नांच्या आधी एक पाचवा येतो, तो तुम्ही विचारलेला नाही. वहीत आहे ते गाणं आहे का? रागावू नका. कविता चांगल्या असतील, टाळ्याही खऱ्या असतील. पण कवितेत ओळ कुठे मोडायची, किती लिहायचं, कुठे थांबायचं हे तुम्ही ठरवता. सिनेमाच्या गाण्यात यातलं बरंचसं दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. चाल झालेली असते, प्रसंग ठरलेला असतो, कधी कधी शूटिंगच्या तारखासुद्धा लागलेल्या असतात. मधे जी जागा उरते ती तुमची. ती जागा जाचक वाटत असेल तर कविताच लिहा, हे मी टोमणा म्हणून सांगत नाहीये. तिच्यात कोडं सुटल्याचा आनंद मिळत असेल तर पुढचं बोलू.

एक ओळ कशी तयार झाली ते सांगते. गावातली मुलगी शिकायला शहराकडे निघालीये, एसटीत खिडकीशी बसलीये, आणि त्यावर गाणं. संगीतकाराने रात्री साडेअकराला फोनवर चाल पाठवली. स्वतःच गुणगुणलेली, मागे कुकरची शिट्टी. शब्द नसतात तेव्हा संगीतकार तोंडाला येईल ते गातो, त्याला आम्ही 'डमी' म्हणतो. डमीत अर्थ शोधायचा नसतो. अक्षर कुठे छोटं आहे, कुठे लांबतंय, गाणारा श्वास कुठे घेतोय, एवढंच टिपायचं असतं. मी अजूनही कागदावर लघु-गुरूच्या खुणा करते (लघु म्हणजे छोटं अक्षर, त्याची एक मात्रा; गुरू म्हणजे लांब, त्याच्या दोन). हिशोब निघाला आठ, आठ आणि चार मात्रांचा, आणि शेवटचं अक्षर वरच्या सुरावर चांगलंच लांबवलेलं.

मी लिहिलं, 'मनात माझ्या दाटुन आले काहूर'. (लिहिताना आपण 'दाटून' लिहितो, इथे गाताना ते 'दाटुन' होतं.) वाचायला बरं वाटतं. गायिकेने गायलं आणि चूक कानावर आदळली. 'काहूर'च्या मात्रा होतात पाच. चारच्या जागेत त्या शेवटच्या 'र'ला उभं राहायला ठिकाणच नाही. त्यात वरच्या सुरावर 'ऊ' धरायचा, म्हणजे ओठ आवळून ओरडायचं. ती 'काहूऊऊ' करून थांबायची आणि 'र' गिळून टाकायची. एसटीत कोल्हेकुई सुरू झाल्यासारखं वाटत होतं.

लांब सुराला 'आ' सगळ्यात मोकळा. मग बदललं, 'मनात माझ्या धावुन आल्या लाटा'. 'दाटुन'च्या जागी 'धावुन' बसतं, कारण दोन्हींत आधी एक लांब अक्षर आणि मग दोन छोटी. 'लाटा' नेमक्या चार मात्रा, शेवटी 'आ'. संगीतकार खूश. दिग्दर्शक म्हणाला, "ताई, ही पोरगी कुठली?" म्हटलं, जालन्याकडची. "मग हिने समुद्र कधी पाहिला?" बरोबर होतं त्याचं. टँकरच्या रांगेत लहानाची मोठी झालेल्या मुलीच्या मनात लाटा कुठून येणार? मी एक अक्षर बदललं. 'मनात माझ्या धावुन आल्या वाटा'. गाडी चाललीये, खिडकीतून रस्ते अंगावर धावून येतायत, आणि तिच्यापुढे पहिल्यांदाच एकापेक्षा जास्त वाटा आहेत. ती ओळ राहिली. घरी टेबलाशी बसून ती मला सुचली नसती. 'काहूर' चालीने नाकारलं, 'लाटा' दिग्दर्शकाने नाकारल्या, तेव्हा कुठे ती निघाली.

हे जमतं का, ते नांदेडला बसूनच तपासता येतं. पाठ असलेलं कुठलंही जुनं गाणं घ्या, त्याच्या चालीवर पूर्ण वेगळ्या प्रसंगाचे नवे शब्द लिहा. मग ते गाण्याचा बऱ्यापैकी कान असलेल्या मित्राला नुसते वाचायला न देता गायला द्या, आणि तुम्ही गप्प बसा. तो जिथे अडखळेल तिथे चूक तुमची, त्याची नाही. शब्द कुठे तुटतो तेही ऐका. 'कमळ' हा किती सुंदर शब्द, पण चालीने 'क'पाशी विराम घेतला की पुढे नुसता 'मळ' ऐकू येतो. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, 'च्या', 'ला', 'ने' असला प्रत्यय येऊन आपटला की ओळ लंगडते. हे पुस्तकात वाचून कळत नाही, कानानेच कळतं. अशी तीसेक गाणी करा. पाचव्यालाच कंटाळा आला तर तोही निकालच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे गाणं तुमचं नसतं, पात्राचं असतं. कवीला स्वतःचा आवाज हवा असतो. आमच्याकडे सोमवारी ऊसतोड मजुराचा आवाज लागतो आणि गुरुवारी कॉलेजातल्या पोराचा. ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाच्या तोंडी 'निशिगंध' घातला की प्रेक्षक काही बोलत नाही, फक्त मोबाईल काढतो. म्हणून सिटिंगला, म्हणजे गाणं ठरवायच्या बैठकीला, गेलं की मी आधी गाण्याबद्दल विचारत नाही. गाण्याच्या आधीचा सीन काय, नंतरचा काय, आणि गाणं काढून टाकलं तर गोष्टीचं काय अडेल, हे विचारते. तिसऱ्या प्रश्नावर दिग्दर्शक गडबडला तर समजायचं की हे गाणं एडिटमध्ये उडू शकतं, आणि मानधनाचा मोठा भाग आधीच मागून घ्यायचा.

आता नोकरी. सोडू नका. निदान आज तरी नको. यात परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच आहे हे मान्य. घरी किती माणसं तुमच्यावर आहेत, डोक्यावर कर्ज आहे का, मुंबई-पुण्यात झोपायला फुकट जागा आहे का, यावर उत्तर थोडं बदलेल. पण माझ्या पाहण्यात जी मुलं नोकरी सोडून आली त्यांतल्या बऱ्याच जणांना लिहिता येत होतं, वाट पाहणं परवडलं नाही. या कामात वाट पाहणं हाच मोठा खर्च आहे. सिनेमा जाहीर होतो, अडतो, पैसे संपतात, दोन वर्षांनी पुन्हा सुरू होतो. भाडं थकलेलं असलं की माणूस कुठल्याही कागदावर सही करतो, त्याबद्दल पुढे सांगतेच.

आणि नोकरी करणं म्हणजे कमी प्रतीचा कलावंत असणं, असं मनात असेल तर ते काढून टाका. जगदीश खेबूडकर शाळेत शिक्षक होते. शांता शेळके मराठी शिकवायच्या. ना. धों. महानोर शेती करायचे. गदिमा गाण्यांच्या जोडीने पटकथा आणि संवादही लिहायचे, आणि हे आजही उपयोगाचं आहे. जो नुसती गाणी लिहितो त्याला एका सिनेमात चार-पाच वेळा काम. जो संवादही लिहितो तो आठवडाभर दिग्दर्शकाच्या शेजारी बसतो, आणि मग गाण्याची वेळ आली की वेगळा गीतकार कोण शोधत बसतंय? मी स्वतः पहिली सात वर्षं अनुवादाची कामं करत होते. औषधांच्या पाकिटातल्या घडीच्या कागदाचं मराठी केलंय मी. थोड्या जागेत नेमकं लिहायची सवय तिथेच लागली, हे गमतीने सांगते पण खोटं नाही.

पहिलं काम कसं मिळतं? निर्मात्याकडून जवळजवळ कधीच नाही. दिग्दर्शकाकडून कधी कधी. बहुतेक वेळा संगीतकाराकडून. म्हणून 'सिनेमात कसं शिरू' हे सोडा, तुमच्याच वयाचा, तुमच्याइतकाच बेकार संगीतकार शोधा. तो ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत असेल, मंडळाच्या गणपतीची गाणी करत असेल, शॉर्टफिल्मला पार्श्वसंगीत देत असेल. पुण्यात पुरुषोत्तम आणि फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या नाट्यस्पर्धांच्या तालमींतून अशा जोड्या जमतात. मराठवाड्यात युवक महोत्सव आहेत, एकांकिका स्पर्धा आहेत. त्याच्याबरोबर दहा गाणी करा, यूट्यूबवर टाका, दोनशेच लोक पाहतील, पाहू देत. पाच वर्षांनी त्याला सिनेमा मिळेल तेव्हा तो अनोळखी मोठ्या माणसाला फोन करण्याआधी तुम्हाला करेल, कारण त्याची चाल तुमच्या कानाला सरावलेली असेल. 'ओळखीशिवाय होतं का' याचं उत्तर यातच आलं. ओळख लागते, पण ती काकांची नव्हे, कामातून झालेली लागते.

जोडीला जिंगल, मालिकेचं शीर्षकगीत, शाळेचं गीत, भक्तिगीतांचे अल्बम, काहीही कमी समजू नका. तीस सेकंदांत वस्तूचं नाव दोनदा आणून गोडवा टिकवणं हे अंतऱ्यापेक्षा (गाण्याच्या कडव्यापेक्षा) अवघड असतं. मला सुरुवातीला फक्त अंगाई आणि हळदीची गाणी यायची, बाई गीतकार म्हटल्यावर लोकांना दुसरं सुचत नसे. चार हळदी लिहिल्यावर एका दारूच्या अड्ड्यावरच्या गाण्याचे शब्द कुणालाच जमेनात, तेव्हा मी न सांगता लिहून पाठवले. त्यानंतर हळद कमी झाली.

नकाराची सवय मात्र करावी लागेल. एका मुखड्याचे (गाण्याच्या सुरुवातीच्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींचे) मी चौदा पर्याय दिलेत आणि शेवटी दुसरा पास झाला. त्यात कुणी छळत होतं असं नाही. पुढचे बारा ऐकल्याशिवाय दुसरा बरा आहे हे त्यांना कळलं नसतं. मी आता एकदम तीन मुखडे पाठवते, तीन वेगळ्या स्वभावांचे, आणि मला आवडलेला कुठला ते सांगत नाही.

पैशाचं जरा सविस्तर सांगते, कारण यात मी स्वतः पोळलेय. पहिल्या सिनेमाच्या गाण्याचे पाच हजार ठरले होते, तोंडी. हातात दोन हजार आले, बाकीचे 'रिलीजनंतर'. सिनेमा रिलीज झाला, फोन उचलणं बंद झालं. माझ्याकडे कागद नव्हता, पावती नव्हती, होती ती फक्त चहाच्या डागाची वही. त्यानंतर मी एक नियम केला. शब्द पूर्ण जाण्याआधी दोन गोष्टी माझ्याकडे आल्या पाहिजेत, अर्धे पैसे खात्यात आणि चार ओळींचा का होईना, लेखी करार.

गीतकाराचं उत्पन्न दोन वाटांनी येतं. एक मानधन, ते एकदाच. दुसरी रॉयल्टी, ती गाणं वाजत राहील तोवर. मराठीत मानधन सिनेमाच्या बजेटवर इतकं बदलतं की आकडा सांगण्यात अर्थ नाही. रॉयल्टीचं मात्र नीट समजून घ्या. पूर्वी गीतकार एकदा पैसे घेऊन सगळे हक्क देऊन मोकळा व्हायचा आणि गाणं पन्नास वर्षं वाजलं तरी त्याला पै मिळायची नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी हा विषय लावून धरला होता. त्या दुरुस्तीनंतर सिनेमातल्या गाण्याचे बाकीचे हक्क तुम्ही निर्मात्याला किंवा म्युझिक कंपनीला दिलेत, तरी रॉयल्टीतला तुमचा समान वाटा सोडून देता येत नाही. तो फक्त कायदेशीर वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला देता येतो. करारात 'रॉयल्टीवर कोणताही दावा राहणार नाही' असं छापलेलं असलं तरी ते कलम कायद्यापुढे टिकत नाही. अपवाद एकच, थिएटरमध्ये सिनेमाबरोबर गाणं दाखवलं जातं त्याची रॉयल्टी नाही. टीव्ही, रेडिओ, मोबाईलवरची ॲप्स, हॉटेलं, जाहीर कार्यक्रम, यांची आहे.

पण कायद्यात आहे म्हणून पैसे आपोआप घरी येत नाहीत. त्यासाठी आयपीआरएसचं, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या कॉपीराइट सोसायटीचं, सभासद व्हावं लागतं. ही संस्था १९६९ पासूनची, गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची. २०१७ मध्ये तिची नव्या कायद्याखाली पुन्हा नोंदणी झाली. सभासद होऊन थांबू नका, प्रत्येक गाणं तिथे नोंदवा, संगीतकाराचं नाव आणि दोघांचा वाटा नीट भरून. माझी दोन गाणी कितीतरी दिवस नोंदवलेलीच नव्हती, कारण संगीतकाराला वाटलं मी नोंदवलीत आणि मला वाटलं त्याने. पहिल्या वेळी जमा झालेली रक्कम बघून हसू आलं होतं, एका चांगल्या जेवणाची होती. पण गाणी साठत जातात आणि जुनं गाणं मधेच एखाद्या लग्नाच्या मोसमात उसळी मारतं. आता वर्षाकाठी दोन-तीन महिन्यांचा घरखर्च त्यातून निघतो.

करार वाचताना मी कुठे बोट ठेवते ते सांगते. हक्क किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी दिलेत? हे लिहिलेलंच नसेल तर कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारत धरतो, म्हणून समोरचा 'कायमस्वरूपी आणि संपूर्ण विश्वात' असं घालतोच. विश्व मी देऊन टाकते, मंगळावर कुणी वाजवलं तर वाजवू दे. त्या बदल्यात नावाचं कलम पक्कं करून घेते. पडद्यावर, पोस्टरवर, व्हिडिओच्या खालच्या मजकुरात आणि ॲपवर गीतकार म्हणून नाव, स्पेलिंगसह. लेखकाला आपल्या कृतीवर नाव सांगण्याचा हक्क बाकीचे हक्क विकल्यानंतरही राहतो, कायद्याचं ५७वं कलम तेच म्हणतं. तरी एका गाण्यावर माझ्या नावाच्या जागी गायकाचंच नाव पडलं होतं. ते दुरुस्त व्हायला पाच महिने आणि कितीतरी मेल लागले. पुढचं काम नाव बघून येतं, त्यामुळे हे भांडण मानापमानाचं नाही, पोटाचं आहे. तिसरं, गाणं सिनेमातून कापलं गेलं तर उरलेले पैसे मिळणार की नाही. हे कुणीच लिहीत नाही, म्हणून तुम्ही लिहून घ्या.

शब्द बाहेर पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवता येतात. गीतकारांनाही तिथे सभासद होता येतं, आणि तंटा झाला तर त्यांची तंटानिवारण समितीही आहे. निदान कुठल्या तारखेला काय लिहिलं होतं याचा पुरावा राहतो. आणि बँकेत आहात म्हणून तुम्हाला लगेच कळेल, आयकराच्या नियमांत गीतकार 'चित्रपट कलावंत' या व्यवसायात मोडतो. पहिल्या चेकपासून टीडीएसचा हिशोब ठेवा, नुसतं रोखीत घेऊ नका. रोखीला तारीख नसते.

हिंदीत जावं का, यावर माझं मत एवढंच की ज्या भाषेत तुम्हाला शिवी, अंगाई आणि उखाणा तिन्ही न अडखळता येतात तिच्यात आधी लिहा. हिंदी नंतर आली तर येईल. नांदेडचे असल्याने तुमच्या कानाला दखनीही (दख्खनची उर्दू बोली) सरावलेली असेल, ती दाबून ठेवू नका, असा बाज फार थोड्यांकडे आहे.

तर आत्ता करायचं ते हे. नोकरी चालू, संध्याकाळी चालीवर लिहिणं, सुट्ट्या साठवून वर्षातून दोनदा पुण्या-मुंबईत आठवडाभर राहणं, आणि एक समवयस्क संगीतकार. गाण्यांचं उत्पन्न सलग दोन वर्षं तुमच्या पगाराच्या निम्म्यावर आलं की नोकरीचा विषय पुन्हा काढू.

शेवटी, चार प्रश्नांच्या जोडीला तुम्ही हेही विचारलंय की कवितांची पीडीएफ मोठ्या संगीतकारांना व्हॉट्सॲपवर पाठवली तर चालेल का. नको. तीनशे कविता कुणीही उघडत नाही. एक मुखडा आणि एक अंतरा पाठवा, प्रसंग एका ओळीत, आणि सोबत स्वतः गाऊन केलेलं रेकॉर्डिंग. बेसूर असलं तरी चालतं. माझं ऐकून एक संगीतकार म्हणाले होते, "सूर जाऊ द्या, श्वास कुठे घ्यायचा ते कळलं." आणि फाईलला 'गाणं फायनल नवीन २' असलं नाव देऊ नका. माझं एक गाणं स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर सहा दिवस बेवारस पडलं होतं, सगळ्यांना आवडलं होतं आणि कुणाचं ते कुणालाच आठवत नव्हतं. नाव आणि फोन नंबर फाईलच्या नावातच घाला.